कोपर तपासायचं राहून जातं



अध्यक्षाने संघटनेच्या वाटचालीचा आढावा घ्यावा असा रिवाज आहे. तो आढावा छापील अहवालात आहे आणि अहवाल तुमच्या पिशवीत. माझ्या वाट्याचा वेळ मी कोपरावर खर्च करणार आहे.

"डॉक्टर, करंगळीला मुंग्या येतात." हे ऐकलं की आपण चिठ्ठीवर मानेचा एमआरआय लिहितो. चाळिशी उलटलेल्या माणसाच्या मानेत एखादी चकती सरकलेली बहुधा सापडतेच. मग पट्टा, शेक, ट्रॅक्शन. महिने जातात, अंगठा आणि तर्जनीमधला मांसल उंचवटा खोलगट होतो, शर्टाचं बटण लावताना बोटं चाचपडू लागतात. कोपराला मात्र आपण कोपरापासूनच नमस्कार केलेला असतो.

मान की कोपर, याचा पुष्कळसा उलगडा तपासणीच्या टेबलावरच होतो. अनामिकेच्या दोन कडा वेगवेगळ्या तपासा. करंगळीकडची बधीर आणि मधल्या बोटाकडची शाबूत असेल, तर संशय अल्नर नर्व्हवर घ्या. बधिरपणा मनगट ओलांडून आतल्या अंगाने कोपराकडे चढत असेल, तर मानेकडे वळा. तिथली त्वचा अल्नरच्या ताब्यात नसते. मग अंगठा आणि तर्जनीच्या कडेमध्ये कागद धरायला सांगा आणि तो ओढा. अंगठ्याचं टोक वाकलं, की समजायचं, लुळ्या स्नायूचं काम मीडियन नर्व्हचा स्नायू करतोय. फ्रोमाँ यांनी ही खूण 1915 मध्ये वर्णन केली. तिला अजूनही एका कागदापलीकडे काही लागत नाही.

आता कोपराच्या आतल्या हाडामागच्या खाचेत बोट ठेवा आणि हात वाकवून पाहा. नर्व्ह हाडावरून पुढे घसरते का? दाबल्यावर करंगळीपर्यंत कळ जाते का? आणि ती जाड लागते का? दोन्ही हात ताडून पाहा. खाचेच्या जरा वर नर्व्ह दोरीसारखी टणक लागली, तर तिथेच थांबा. आपल्या देशात अशी नर्व्ह म्हणजे दुसरं काही सिद्ध होईपर्यंत कुष्ठरोग. सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून त्याचं निर्मूलन झाल्याचं आपण 2005 च्या अखेरीस जाहीर केलं, पण त्याचा अर्थ दहा हजारांत एकाहून कमी रुग्ण, एवढाच होता. रोग संपला, असं आपणच गृहीत धरलं आणि तरुण डॉक्टरांची बोटं ती दोरी विसरली. जगातले निम्म्याहून अधिक नवे रुग्ण आजही भारतात सापडतात. गडचिरोली-चंद्रपूरच्या सहकाऱ्यांना हे मी सांगायला नको. तेव्हा शर्ट काढायला लावा, पाठ पाहा, चट्ट्यावर स्पर्श कळतो का ते तपासा. चट्टा नाही म्हणून निश्चिंत होऊ नका. नुसत्या नर्व्हचाही कुष्ठरोग असतो. बळ गेल्यापासून सहा महिन्यांच्या आत स्टिरॉइड सुरू झालं, तर हात वाचण्याची आशा चांगली असते.

लहानपणी कोपर मोडलं होतं का, हेही विचारा. बाहेरच्या बाजूचं हाड न जुळता राहिलं की कोपर बाहेर वाकत जातं आणि नर्व्ह वर्षानुवर्षं ताणली जाते. झाडावरून पडल्याचा आणि आजच्या बधीर करंगळीचा संबंध रुग्णाच्या ध्यानीमनीही नसतो.

उशिराची किंमत साध्या हिशेबात कळते. तुटलेला तंतू दिवसाला सुमारे 1 मिलिमीटर वाढतो. कोपरापासून तळहातातल्या स्नायूंपर्यंतचं अंतर 25-30 सेंटिमीटर, म्हणजे जवळपास वर्ष. तोवर स्नायू वाट पाहत बसत नाही.

राहिली शस्त्रक्रिया. ऑस्बोर्न यांनी 1957 मध्ये दाखवलेला पट्टा कापून नर्व्ह मोकळी करावी, की तिला उचलून पुढे आणावं, यावर आपण हिरिरीने भांडतो. तुलनात्मक अभ्यासांत दोन्हींच्या गुणात म्हणावा तसा फरक दिसलेला नाही. पुढे आणताना जखम चिघळण्याचा धोका मात्र जास्त. नर्व्ह घसरत नसेल आणि कोपर वाकडं नसेल, तर मी नुसती मोकळी करतो. दुपारच्या सत्रात दोन्ही पक्षांचे वक्ते आहेत. त्यांनी खुशाल भांडावं, पण केस मांडणाऱ्या प्रत्येकाला अध्यक्षांचा पहिला प्रश्न आधीच फोडून ठेवतो: रुग्णाचा शर्ट काढला होता का?