चांदीपुरा ताप

श्रोतेहो, रोगाला आपल्या गावाचे नाव मिळावे, ही काही मिरवण्याजोगी गोष्ट नव्हे. नागपूरजवळच्या चांदीपुऱ्याच्या वाट्याला मात्र ते आले. १९६५ साली त्या भागात तापाची साथ होती. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातील भट्ट आणि रॉड्रिग्ज यांना तेव्हा दोन रुग्णांच्या रक्तात एक नवाच विषाणू आढळला. पुढे बरीच वर्षे त्याची फारशी कुणी दखल घेतली नाही. २००३ साली आंध्रात आणि विदर्भात मुले दगावू लागली, तेव्हा त्याचे खरे रूप दिसले. एकट्या आंध्रात ३२९ मुले आजारी पडली; त्यांतली १८३ गेली. २०२४ च्या पावसाळ्यात तो गुजरातेत उठला. आणि ब्राह्मणपुरीहून गुजरातची हद्द किती लांब, हे मी तुम्हांला काय सांगावे?

हा विषाणू आणते वालुमाशी. डासाच्या चौथाईएवढी; गुणगुणत नाही, म्हणून चाहूल लागत नाही. दिवसा मातीच्या भिंतीच्या भेगांत, गोठ्याच्या ओलसर कोपऱ्यात दडते आणि अंधार पडला की चावते. साध्या मच्छरदाणीच्या जाळीतून ती सहज आत शिरते. वीण बारीकच हवी. पावसाळ्याआधी भेगा बुजवून घ्या, चुन्याचा हात द्या, उकिरडा घरापासून दूर हलवा.

गुरुजनहो, आता तुमच्याशी बोलतो. सकाळी वर्गात बसलेले पोर दुपारी तापाने फणफणते, ओकते, त्याला झटके येतात, संध्याकाळी ते ओळख देत नाही. काही मुले एकदोन दिवसांतच जातात. मी डॉक्टर नव्हे, कॉलेजात शिकवणारा माणूस, पण एका पालकाने मला विचारले, "सर, यावर औषधच नाही म्हणतात, मग दवाखान्यात नेऊन काय उपयोग?" प्रश्न रास्त होता. या विषाणूवर खास औषध नाही, लसही नाही. पण झटके थांबवता येतात, श्वासाला आधार देता येतो. शिवाय मेंदूत गेलेला मलेरियाही असाच दिसतो, आणि त्याला औषध आहे! कोणता ताप आहे, हे घरी बसून ना मला कळेल, ना भगताला.

झटका आला तर कांदा, चप्पल हुंगवू नका. दातांत चमचा घालू नका. पोराला कुशीवर वळवा, तोंडात पाणीसुद्धा घालू नका, आणि १०८ ला फोन करा. गाडीला उशीर होतोय असे दिसले, तर मिळेल त्या वाहनाने निघा.