महाराष्ट्र दिन : कृतज्ञतेचा हिशेब

(महाराष्ट्र दिनाच्या पूर्वसंध्येला डोंबिवली येथे पक्षकार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



उद्या सकाळी ठाण्यात, कल्याणात आणि आपल्या डोंबिवलीत ध्वजवंदन होईल, हुतात्म्यांना अभिवादन होईल, आणि दहा वाजल्यानंतर सुटीचा दिवस सुटीसारखा सुरू होईल. एक मे हा आपला कृतज्ञतेचा दिवस, असे आपण म्हणतो. कृतज्ञ म्हणजे 'केलेले जाणणारा'. नुसते आभार मानणारा नव्हे. कोणी काय केले आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे जाणणे ही कृतज्ञतेची पहिली अट होय. आयुष्यभर अर्थशास्त्र शिकवले असल्यामुळे मी तिला दुसरी अट जोडतो : जाणलेले देणे फेडण्याची तयारी.

या अटी न पाळता कृतज्ञता साजरी केली की काय होते, याचे उदाहरण अमेरिकेत आहे. १६२१ साली प्लिमथ येथे युरोपातून आलेल्या वसाहतवाल्यांनी पहिले पीक हाती आल्याचा उत्सव केला. ते पीक काढायला त्यांना तेथील वाम्पानोग लोकांनी शिकवले होते. पुढच्या दोन पिढ्यांत त्याच लोकांची जमीन गेली आणि युद्धात त्यांचा संहार झाला. १८६३ साली लिंकन यांनी आभारदिनाला राष्ट्रीय रूप दिले. आणि १९७० पासून त्याच प्लिमथमध्ये, त्याच दिवशी, मूलनिवासी लोक शोकदिन पाळतात. एकाच तारखेला एका घरात मेजवानी आणि दुसऱ्या घरात सुतक, असा तो प्रकार आहे.

हे सांगून अमेरिकेला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. आपल्या तारखेकडेही त्याच डोळ्यांनी पाहावे, एवढेच म्हणणे आहे.

२१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटनपाशी मोर्चावर गोळीबार झाला आणि पंधरा माणसे गेली. जानेवारी १९५६ मध्ये मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा झाली, तेव्हा पुन्हा रक्त सांडले. गोळ्या परक्या सरकारच्या नव्हत्या. स्वातंत्र्य मिळून आठ वर्षे झाली होती. फेब्रुवारी १९५६ मध्ये संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. एसेम जोशी, डांगे, अत्रे ही एरवी एकमेकांशी न जमणारी माणसे तिथे एकत्र बसली. त्याच वर्षी चिंतामणराव देशमुखांनी अर्थमंत्रिपद सोडले. १९५७च्या निवडणुकीने पश्चिम महाराष्ट्राचे मत मतपेटीतून सांगितले, आणि १ मे १९६० रोजी राज्य आले. तोवर शंभरावर माणसे प्राणाला मुकली होती, आणि त्यांत मोठा भरणा कष्टकऱ्यांचा होता. हुतात्मा चौकातील स्मारकावर मशाल धरलेले शेतकरी व कामगार उभे आहेत. शिल्पकाराने इतिहास बरोबर वाचला होता.

आता हिशेब पाहू. हुतात्म्यांच्या यादीत बेळगाव आणि निपाणीची नावे आहेत. ज्या राज्यासाठी ती माणसे मेली, त्या राज्यात त्यांची गावे आजही नाहीत. बेळगावात १७ जानेवारीला हुतात्मा दिन पाळला जातो. आपण त्याची बातमी वाचतो आणि पान उलटतो.

दुसरे देणे गिरणी कामगारांचे. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि बहुतेकांच्या हातून गिरणी कायमची सुटली. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे केले होते : एक मोकळ्या जागेसाठी, एक सार्वजनिक गृहनिर्माणासाठी, एक मालकाला. २००१ साली नियम बदलला. वाटणी फक्त मोकळ्या पडलेल्या जमिनीपुरती उरली. जिथे गिरण्यांच्या इमारती उभ्या होत्या ती सारी जमीन वाटणीतून सुटली. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने हा बदल वैध ठरवला. एका शब्दाच्या व्याख्येने केवढी संपत्ती कोणाकडे जाते, याचा याहून चांगला धडा मला वर्गात कधी सापडला नाही.

आमच्या शेजारी एक साचाखात्यातले गृहस्थ राहत. संपानंतर परळची खोली विकून ते डोंबिवलीत आले आणि स्टेशनाबाहेर भाजी विकू लागले. पंचावन्न साली ते फाउंटनला होते. मला म्हणत, "मास्तर, मुंबई मिळवली तेव्हा मी मुंबईत राहत होतो. आता ती बघायला तिकीट काढावं लागतं." दर एक मेला ते तिकीट काढून हुतात्मा चौकात जाऊन येत. आज घरासाठी अर्ज केलेल्या कामगारांना आणि वारसांना शेलू आणि वांगणी दाखवली जाते. जुलै २०२५ मध्ये ते आझाद मैदानावर जमले ते हेच सांगायला, की घर मुंबईत द्या.

तिसरे देणे आपल्या दाराशी आहे आणि ते आपण नोंदलेलेच नाही. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली. वेठबिगारीत पिचलेले वारली तेथे आले आणि गोदावरी परुळेकरांसोबत त्यांनी ती वेठ मोडली. पुढे १९६० साली राज्याची सीमा आखताना उंबरगावचा मोठा भाग गुजरातेत गेला, तलासरी इकडे राहिली, आणि वारली समाज दोन राज्यांत वाटला गेला. भाषावार प्रांतरचनेत वारलीची भाषा कोणी विचारली नाही. शहापूर तालुक्यात तानसा आहे, मोडकसागर आहे, भातसा आहे. मुंबईची तहान त्यांवर भागते. आणि याच मे महिन्यात शहापुरातील कित्येक पाडे टँकरची वाट पाहत बसतात.

या देण्यांत आपला, समाजवाद्यांचाही वाटा आहे. राज्य मिळताच समिती फुटली. राज्य कोणासाठी, हा प्रश्न धसाला लावायचा होता, तेव्हा आपण एकमेकांशी भांडत बसलो.

तेव्हा उद्या हार जरूर घाला. पण त्याआधी हुतात्म्यांची यादी मोठ्याने वाचा, बेळगाव-निपाणीच्या नावांसकट. आपल्या वॉर्डात जुने गिरणी कामगार किंवा त्यांच्या विधवा किती आहेत, त्यांचे घरांचे अर्ज कुठे अडले आहेत, याची वही या आठवड्यात करा. आणि मे संपण्यापूर्वी आपल्यातील दहा जणांनी शहापूरच्या एखाद्या पाड्यावर जाऊन टँकर किती दिवसांनी येतो ते लिहून आणावे. पुढच्या बैठकीत मी भाषण करणार नाही. ती वही आणि ते कागद आपण वाचू.