मुमताझची साडी आणि भानूताई

आजचा भाग रावेतच्या घरातूनच रेकॉर्ड करतोय. मागे शिलाई मशीनचा आवाज येईल, तो आईचा. लग्नसराई आहे, तिला थांब म्हणायची माझी हिंमत नाही.

मागच्या भागात आपण कोको शनेलबद्दल बोललो. अनाथालयात शिवण शिकलेली मुलगी, पुरुषांच्या आतल्या कपड्यांचं जर्सीचं कापड तिने बायकांच्या पोशाखात आणलं वगैरे. त्यावर एका ताईंनी विचारलं, आपल्याकडे अशी कोण?

आहे की! कोल्हापूरच्या भानू राजोपाध्ये, म्हणजेच भानू अथय्या. जन्म १९२९. वडील चित्रकार, पण ते लवकर गेले. मुंबईत जे.जे.मध्ये शिकल्या, १९५३ मध्ये प्रोग्रेसिव्ह ग्रुपच्या प्रदर्शनात त्यांची चित्रं होती. हुसेन, रझा यांचा तो ग्रुप. पण मासिकासाठी फॅशनची चित्रं काढता काढता त्या कपड्यांकडे वळल्या, आणि १९५६ च्या 'सी.आय.डी.'पासून सिनेमात रमल्या. चित्रकलेचं नुकसान झालं म्हणा हवं तर, मी नाही म्हणणार. 'आम्रपाली'तले वैजयंतीमालेचे पोशाख बघा, अजिंठ्याची भिंत चालत आल्यासारखी वाटते.

'गांधी'साठी १९८३ मध्ये त्यांना जॉन मोलो यांच्यासोबत ऑस्कर मिळालं. ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. बॅरिस्टरच्या सुटापासून पंचापर्यंतचा माणूस त्यात कपड्यांतूनही दिसतो. पुढे २०१२ मध्ये, आपल्यामागे नीट जपलं जाईल की नाही या काळजीने, त्यांनी ते ऑस्कर अकादमीकडेच परत सोपवलं. २०२० मध्ये त्या गेल्या. हे ऑस्कर परत देणं मला अजून टोचतं.

कारण सांगतो. आई निऱ्या शिवलेल्या, झिपच्या साड्या करते. हिंजवडीला जाणाऱ्या मुलींना दोन मिनिटांत चढवता येतात. एक दुकानदार त्या घेतो आणि स्वतःचं लेबल लावून विकतो. मी म्हटलं, "आई, तुझं नाव लाव ना."

"नावाने काय शिलाई वाढते का रे?"

मग तिला सांगितलं, १९६८ च्या 'ब्रह्मचारी'त मुमताझला नाचता यावं म्हणून भानूताईंनी साडी अशीच शिवून, झिप लावून दिली होती. आईने मान वर केली.

"झिप कुठे होती? बाजूला की मागे?"

गाणं लावलं. तिने मशीन बंद केलं, चष्मा पुसला. तीनदा बघितलं.