स्वयंवर: पडद्यावरचे आणि पाड्यावरचे

स्वयंवर म्हटले की धनुष्य आठवते, नाहीतर वेधावयाचा मत्स्य. त्या काळी पणाला लागे ते बाहुबळ. नवरदेवाच्या मिळकतीची चौकशी मंडपात कोणी केल्याचे ऐकिवात नाही. द्रौपदीने तर भिक्षेवर निर्वाह करणाऱ्या ब्राह्मणाच्या वेषातील अर्जुनाला माळ घातली. तो राजपुत्र निघाला, हे तिचे नशीब.

अमेरिकेतील एका दूरचित्रवाणी वाहिनीने २००३ साली हीच कथा उलटी करून दाखविली. ‘जो मिलिअनेअर’ या कार्यक्रमात वीस तरुणींना सांगण्यात आले की, समोरचा तरुण कोट्यवधींचा वारस आहे. वस्तुतः तो इमारतींच्या बांधकामावर काम करणारा साधा गडी होता. शेवटी एकीची निवड झाल्यावर तिला खरे सांगितले गेले, तरीही तिने त्याला नाकारले नाही. मग वाहिनीने त्या उभयतांना मिळून दहा लक्ष डॉलर बहाल केले! दारिद्र्य पत्करण्याचे बक्षीस म्हणून संपत्ती मिळावी, हा न्याय कादंबरीतच शोभावा. पुढे ते प्रेम फार दिवस टिकले नाही.

आपल्याकडे २००९ साली एका हिंदी वाहिनीवर ‘राखी का स्वयंवर’ झाले. राखी सावंत ही मुंबईची मराठी नर्तिका-नटी. तिच्यासाठी सोळा उमेदवार उभे राहिले आणि अखेरीस टोरोंटोनिवासी एका व्यावसायिकाची निवड झाली. प्रेक्षक लग्नाची वाट पाहत बसले, झाला तो साखरपुडा. आणि काही महिन्यांत तोही मोडला. दुसऱ्या वर्षी त्याच वाहिनीवर राहुल महाजन यांचे लग्न मात्र खरोखरीच लागले. २०१५ साली घटस्फोट झाला. या कार्यक्रमांस नावे ठेवणे सोपे आहे. पण एक गोष्ट त्यांच्या बाजूने बोललीच पाहिजे: मांडवाचा खर्च जाहिरातदार सोसतो, नवरानवरीवर त्याचे ऋण राहत नाही.

हे ऋण म्हणजे काय, ते घोलवडच्या आसपास विचारावे. चिकूच्या बागा मागे टाकून पूर्वेकडे वळले की वारल्यांचे पाडे लागतात. वारल्यांच्या लग्नात धवलेरी ही स्त्रीच गाणी म्हणून लग्न लाविते. सवाशिणी कुडाच्या भिंतीवर तांदुळाच्या पिठाने चौक लिहितात आणि त्यात पालघट देवी बसवितात. चौक लिहिल्यावाचून लग्न नव्हे. हुंडा मुलीच्या बापाने द्यावयाचा नसतो, मुलाकडच्यांनीच देज द्यावयाचे असते. एवढा पैसा हाताशी नसेल तर दोघे तशीच एकत्र नांदू लागतात, आणि जमेल तेव्हा मांडव घालतात. कधी मुलेबाळे मोठी झाल्यावर बापाचे व लेकाचे लग्न एकाच मांडवात लागते. शहरी माणसास याचे हसू येईल. पण या थांबण्यात शहाणपण आहे, आणि त्यामागे मोठे दुःखही आहे.

कारण ज्याला थांबवत नसे, तो जमीनदार-सावकाराच्या दारी जाई. लग्नापुरते कर्ज मिळे. फेड म्हणून नवरा-बायको दोघांनी धन्याच्या शेतावर राबावयाचे. कर्ज कधी फिटतच नसे. अशा माणसाला ‘लग्नगडी’ असे नाव होते. मुंबई सरकारसाठी सिमिंग्टन यांनी १९३९च्या सुमारास आदिवासींच्या स्थितीचा जो अहवाल लिहिला, त्यात या लग्नाच्या गुलामगिरीची नोंद आहे. मे १९४५ मध्ये आजच्या तलासरी तालुक्यातील झरी या गावी वारल्यांची परिषद भरली. वेठ करावयाची नाही असे ठरले, आणि त्या चळवळीत गावोगाव जाऊन लग्नगड्यांना सोडविण्यात आले. गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या १९७० सालच्या पुस्तकात ती सारी हकीगत सांगितली आहे. फडक्यांच्या कादंबऱ्यांतील नायक-नायिकांना प्रेमात विघ्ने पुष्कळ येतात. पण लग्नाची किंमत दोघांच्या उभ्या आयुष्याने मोजावी लागली, असे विघ्न तेथे सापडावयाचे नाही.

आता तो चौक कागदावर आणि कापडावर उतरला आहे. डहाणू तालुक्यातील गंजाड येथील जिव्या सोमा मशे यांनी तो देशोदेशी नेला. २०११ साली त्यांना ‘पद्मश्री’ मिळाली, २०१८ साली ते वारले. भिंतीवरच्या चौकात मात्र अजूनही नवरा आणि नवरी घोड्यावर बसून ऐटीत निघालेली असतात. पाड्यात घोडा बहुधा कोणाकडेच नसतो.