थाळी घेतली, बिलही वाचलं

बँकेच्या कामाला आम्ही गटातल्या आठजणी कोल्हापूरला गेलो होतो. दुपारी एका भारी एसी हॉटेलात शिरलो. मेनूकार्डावरचे सुटे भाव बघून पोटात गोळाच आला. वेटरदादांना विचारलं, तेव्हा कळलं की दुपारची थाळी स्वस्त पडते. सुकं मटण एकदाच, तांबडा-पांढरा रस्सा मात्र हवा तेवढा. हे आधीच विचारून घ्यावं. बसल्या जागी कुणीतरी आपल्याला वाढतंय, याचंच आम्हाला नवल!

बिलात जीएसटीबरोबर सर्व्हिस चार्जही लावलेला. जीएसटी द्यावाच लागतो. सर्व्हिस चार्ज मात्र आपल्या मर्जीचा. हॉटेलनं तो परस्पर लावू नये, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं २०२२ मध्येच सांगितलंय. तक्रारीला १९१५ हा नंबर आहे. आम्ही नंबराचं नाव काढताच मॅनेजरनं बिल बदलून दिलं. वाचलेल्या पैशांत स्टँडवर आठ चहा झाले.