हुन्नर आणि हक्क
(युवक-कामगार शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



‘काम आहे, पण कामाची माणसे मिळत नाहीत’ ही उद्योजकांची तक्रार आपण वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत. तिच्यात तथ्य मुळीच नाही असे मी म्हणणार नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत जोडारी, कातारी, वीजतंत्री, म्हणजे आपल्या बोलीतले फिटर, टर्नर, इलेक्ट्रिशियन होण्यासाठी जाणाऱ्या मुलाला पुष्कळदा कारखान्यातून केव्हाच हद्दपार झालेल्या यंत्रावर शिकावे लागते. कोठे शिकविणारा निदेशकच नसतो. ही उणीव दूर झालीच पाहिजे. परंतु या तक्रारीतून जो निष्कर्ष काढला जातो, तो मात्र आपण तपासून घेतला पाहिजे. तरुण बेकार आहे, कारण तो अकुशल आहे. म्हणजे दोष त्याचाच, असा तो निष्कर्ष आहे.

वस्तुस्थिती काय सांगते? आंतरराष्ट्रीय कामगार संघटना व मानव विकास संस्था यांच्या २०२४ च्या अहवालानुसार, भारतात २०२२ मध्ये पदवीधर तरुणांतील बेकारी २९.१ टक्के होती, तर निरक्षर तरुणांतील ३.४ टक्के. निरक्षर तरुण अधिक कुशल आहेत असा याचा अर्थ नव्हे. घरी बसून राहणे त्यांना परवडत नाही, मिळेल ते काम मिळेल त्या मजुरीवर ते पत्करतात, एवढाच अर्थ आहे. शिकलेल्याला साजेसे काम या अर्थव्यवस्थेने पुरेसे निर्माण केलेले नाही. २००९ च्या राष्ट्रीय कौशल्य विकास धोरणाने २०२२ पर्यंत ५० कोटी लोकांना कुशल करण्याचा संकल्प सोडला होता. तो पुरा झाला नाही. आणि झाला असता तरी, तेवढ्यांना काम कोठे होते, हा प्रश्न उरलाच असता.

आपल्या समाजात हुन्नराची वाण कधीच नव्हती. लोहार, सुतार, कुंभार, चर्मकार यांच्या हातात कसब होते. त्यांच्या वाट्याला आली नाही ती प्रतिष्ठा आणि अक्षरविद्या. महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन केले. त्यात बहुजनांच्या मुलांसाठी शेतीचे ज्ञान मागितले, आणि त्याच्या जोडीला मोडी व बाळबोध लिहिणे-वाचणे, हिशेब, इतिहास, भूगोलही मागितला. हाताला काम आणि डोक्याला विचार, या दोहोंची त्यांनी फारकत होऊ दिली नाही. आज गरिबाच्या मुलाला तीन महिन्यांचा अभ्यासक्रम आणि श्रीमंताच्या मुलाला विद्यापीठ, अशी वाटणी होत असेल, तर ती जुन्या वर्णव्यवस्थेचीच नवी आवृत्ती होय.

आता कायद्याकडे वळू. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमाप्रमाणे कारखान्यातील शिकाऊ हा ‘प्रशिक्षणार्थी’ असतो, ‘कामगार’ नसतो. आरोग्य, सुरक्षितता आणि अपघाताची भरपाई यांपुरते संरक्षण त्याला आहे. एरवी कामगार कायदे त्याला लागू नाहीत. शिक्षण संपल्यावर नोकरी देण्याचे बंधन मालकावर नाही. शिकणे खरोखर चालू असेल तर हा भेद समजण्यासारखा आहे. पण जेथे शिकाऊ मुलगा आठवड्याभरात कायम कामगाराच्या जागी पाळीत उभा केला जातो आणि मुदत संपताच त्याच्या जागी दुसरा येतो, तेथे प्रशिक्षण हे स्वस्त मजुरीचे सभ्य नाव ठरते.

खर्च कोण सोसतो, हेही पाहा. २०२४ मध्ये जाहीर झालेल्या पंतप्रधान इंटर्नशिप योजनेत देशातील ५०० बड्या कंपन्यांनी तरुणांना वर्षभर उमेदवारी द्यावी असे ठरले. दरमहा ५००० रुपये विद्यावेतनापैकी ४५०० सरकारचे आणि ५०० कंपनीचे! त्याच वर्षी महाराष्ट्रात सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी उत्तीर्णांस ६०००, आयटीआय वा पदविकाधारकांस ८००० आणि पदवीधरांस १०,००० रुपये ठरले. तेही राज्याच्या तिजोरीतून. तरुणाच्या हाती चार पैसे पडावेत याला माझा विरोध नाही. पण कौशल्य ज्याला हवे, घडलेल्या कामगाराच्या श्रमावर नफा ज्याला मिळणार, त्याने शिकविण्याचा भार जनतेवर का टाकावा?

जर्मनीत १९६९ च्या कायद्याने व्यवसायशिक्षणाच्या समित्यांवर मालकांबरोबर कामगारांचे प्रतिनिधी व शिक्षकही बसविले. तेथे उमेदवाराचे वेतन मालक देतो आणि पुष्कळ उद्योगांत ते कामगार संघटनांशी झालेल्या करारातून ठरते. ‘तो श्रीमंत देश आहे’ असे कोणी म्हणेल. परंतु कामगाराला निर्णयात सहभागी करून घ्यायला संपत्ती लागत नाही, इच्छा लागते.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. शिकाऊ उमेदवाराला निदान किमान वेतनाशी निगडित विद्यावेतन मिळावे व त्याचा मुख्य भार मालकाने उचलावा. कायम स्वरूपाच्या कामावर शिकाऊ नेमण्यास मनाई असावी. अभ्यासक्रम ठरविताना कामगार संघटनांना स्थान असावे. आणि प्रत्येक व्यवसायशिक्षणात कामगार कायदे व संघटनेचा हक्क शिकविला जावा. कामगार संघटनांनीही शिकाऊ मुलाला परका मानणे सोडून त्याची गाऱ्हाणी आपल्या मागणीपत्रात घातली पाहिजेत.

उद्योगाला उपयोगी पडेल असा तरुण अवश्य घडवा. पण तो आधी स्वतःच्या आयुष्याचा धनी झाला पाहिजे. यंत्र चालविणाऱ्याला ते कोणासाठी चालते, हे विचारण्याची हिंमत ज्या शिक्षणाने येत नाही, ते शिक्षण अपुरेच राहील.