सुंठ, गुळवेल, आवळा, सालई : एका वेदनाशामक योगाची परीक्षा

गुडघेदुखीत वेदना आणि सूज या दोन तक्रारी वेगळ्या भासल्या, तरी त्यांचे मूळ बरेचसे एकच असते. पेशींना इजा झाली की त्यांच्या आवरणातून अॅराकिडोनिक आम्ल सुटते आणि त्याला दोन वाटा फुटतात. ‘कॉक्स’ या विकरामुळे प्रोस्टाग्लँडिने तयार होतात. ती रक्तवाहिन्या रुंदावतात आणि मज्जातंतूंची टोके हळवी करतात. लायपॉक्सिजनेज या विकरामुळे ल्युकोट्राइने तयार होतात. ती पांढऱ्या पेशींना दाहाच्या जागी ओढतात. डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या पहिली वाट अडवतात. पण जठराच्या अस्तराचे रक्षणही प्रोस्टाग्लँडिनेच करतात. त्यामुळे अशा गोळ्या दीर्घकाळ घेतल्यास पोटात व्रण होण्याचा धोका असतो.

दुसरी वाट अडवणाऱ्या द्रव्यांत सालई महत्त्वाची. सातपुड्याच्या व विदर्भाच्या कोरड्या, पानझडी डोंगरउतारांवर हे झाड वाढते. त्याची राखाडी साल कागदासारख्या पापुद्र्यांनी सुटते. सालीला खाच पाडली की सुवासिक डिंक पाझरतो. आयुर्वेदात याच झाडाला शल्लकी म्हणतात. डिंकातील बॉस्वेलिक आम्ले लायपॉक्सिजनेजला रोखतात. मात्र ती पोटातून रक्तात फार थोडी शोषली जातात. स्निग्ध जेवणाबरोबर घेतल्यास हे प्रमाण वाढते.

सुंठ दोन्ही वाटांवर परिणाम करते. आले वाळताना त्यातील जिंजरॉलचा काही भाग शोगाओलमध्ये बदलतो, म्हणून आले आणि सुंठ यांची घटकरचना सारखी नसते. गुळवेल प्रतिकारशक्तीच्या प्रतिसादावर परिणाम करते, तर आवळ्यातील टॅनिने ऑक्सिडीकरणाला आवर घालतात.

प्रयोगशाळेत दाहशामक गुणाची पहिली चाचणी बहुधा उंदरांवर होते. समुद्री शेवाळातून काढलेले कॅराजीनन पंजात टोचतात आणि काही तासांत पंजा किती सुजला ते मोजतात. वेदनेसाठी दोन चाचण्या वापरतात. एकीत तापलेल्या पत्र्यावर उंदीर किती वेळात पाय उचलतो ते पाहतात, दुसरीत अॅसेटिक आम्लाने पोटात येणाऱ्या पिळांची संख्या मोजतात. औषध फक्त दुसऱ्या चाचणीत प्रभावी ठरले, तर त्याचा परिणाम मेंदूपेक्षा दाहाच्या जागी अधिक होतो असे मानतात.

माणसांवरील पुरावा पुण्यातील संधिवात केंद्राच्या कामातून पुढे आला. अश्वगंधा, सालई, सुंठ आणि हळद यांच्या योगाची ९० गुडघेदुखीग्रस्तांवर ३२ आठवडे चाचणी झाली. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांपेक्षा योग घेणाऱ्यांच्या वेदना अधिक कमी झाल्या.

त्यानंतरची मोठी, अनेक केंद्रांवरील चाचणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात ४४० रुग्णांचे चार समान गट होते. एका गटाला सुंठ, गुळवेल, आवळा व सालई यांच्या अर्काच्या कॅप्सूल दिल्या आणि दुसऱ्याला सालई वगळून तोच योग. तिसऱ्याला ग्लुकोसामाइन, तर चौथ्याला रोज २०० मिलिग्रॅम सेलेकॉक्सिब मिळाले. चोवीस आठवड्यांनी वेदना आणि हालचाल या दोन्ही बाबतींत वनस्पती-योग इतर दोन औषधांच्या तोडीचे ठरले.

या निष्कर्षाला मर्यादा आहेत. एक चतुर्थांशाहून अधिक रुग्ण चाचणीतून बाहेर पडले. निष्क्रिय गोळीचा गटच नव्हता. सांधेदुखीत अशा गोळीनेही अनेकांना आराम वाटतो, त्यामुळे ‘तोडीचे’ आणि ‘खात्रीने प्रभावी’ यांत अंतर राहते. शिवाय वनस्पती-योग घेणाऱ्या सात जणांच्या रक्तात यकृताशी निगडित एसजीपीटी वाढले. त्यांना कोणतीही लक्षणे नव्हती आणि औषध थांबवल्यावर पातळी पूर्ववत झाली. पुढे २०२१ मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद केली. आयुष मंत्रालयाने हा निष्कर्ष मान्य केला नाही आणि वनस्पतीची नेमकी ओळख पटवण्याचा मुद्दा मांडला.

म्हणून अशा योगाचे मोल ठरवताना घटकांची ओळख, अर्काचे प्रमाणीकरण, मात्रा आणि कालावधी या चारही बाबी पाहाव्या लागतात. यकृताचा आजार असलेल्यांनी आणि रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी वैद्यकीय देखरेखीशिवाय तो घेणे धोक्याचे ठरू शकते.